पहिल्या हंगामानंतर क्वार्टरबॅकची झाडाझडती

२०१८ साली बफलो बिल्सच्या नवख्या क्वार्टरबॅकचे शंभरातले जेमतेम ५३ पास आपल्या माणसाच्या हाती लागले. १० टचडाउन, १२ इंटरसेप्शन. तीन वर्षांनी त्याच गटातल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या नवख्याने ६७.६ टक्के पास पोचवले, २२ टचडाउन केले, संघ प्लेऑफमध्ये नेला आणि प्रो बोलमध्येही त्याची वर्णी लागली. नुसते आकडे समोर ठेवून निवड करायला सांगितली तर दहातले नऊ जण दुसऱ्यावर बोट ठेवतील. पहिला होता जॉश ॲलन, २०२४ च्या हंगामाचा एमव्हीपी. दुसरा मॅक जोन्स. तीन हंगामांनंतर पेट्रियट्सनी त्याला सहाव्या फेरीतल्या एका निवडीच्या मोबदल्यात जॅक्सनव्हिलला देऊन टाकलं.

जानेवारीत नियमित हंगाम आटपला की सगळीकडे नव्या क्वार्टरबॅकना गुण वाटायची घाई सुरू होते. ह्यूस्टन, शिकागो, न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही आता ही चर्चा रंगते, आणि भारतात बसून अमेरिकन फुटबॉलची ही लीग (एनएफएल) बघणारेही वाढलेत. त्यांचं मला विशेष कौतुक वाटतं. रविवारचा पहिला सामना आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला सुरू होतो आणि शेवटचा सोमवारी सकाळी सहा-सातच्या सुमाराला. एवढी झोपमोड करून मत मात्र बातमीखालच्या तीन आकड्यांवरून बनवायचं, हे काही पटत नाही. घरबसल्या, फार तर दोन-तीन शनिवार-रविवार खर्चून, पहिल्या हंगामाची नीट तपासणी कशी करावी ते इथे सांगतो. सगळ्या तपासणीत एकच प्रश्न हाताशी ठेवायचा: जे दिसलं त्यातलं त्या पोराचं स्वतःचं किती, आणि लाइन, रिसीव्हर, प्रशिक्षक, प्रतिस्पर्धी यांच्याकडून उसनं आलेलं किती?

सुरुवात आकड्यांपासूनच करा, पण आधी ते निवडून घ्या. जय-पराजय बाजूला ठेवा. ट्रॉय एकमन १९८९ च्या पहिल्या हंगामात सुरुवातीपासून खेळलेले अकराच्या अकरा सामने हरला. आज तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. जॅरेड गॉफ २०१६ मध्ये सातपैकी सात हरला. उलट बाजूचं उदाहरण बेन रॉथलिसबर्गरचं. २००४ च्या नियमित हंगामात तो सुरुवातीपासून खेळलेला एकही सामना पिट्सबर्ग हरलं नाही, पण त्या तेरा सामन्यांत जबरदस्त बचाव आणि धावता हल्ला यांचा वाटा केवढा होता, हे त्याने वर्षभरात तीनशेसुद्धा पास फेकले नाहीत यावरून लक्षात येईल. पुढे तो मोठा खेळाडू झाला हे खरं. त्या १३-० वरून मात्र ते कळण्यासारखं नव्हतं.

पासर रेटिंग नावाचा आकडा टीव्हीवर सारखा झळकतो. १९७३ पासून लीग तो वापरते आणि त्याचं कमाल मूल्य १५८.३ असं चमत्कारिक आहे. त्यात चारच गोष्टी येतात: पास पूर्ण होण्याचं प्रमाण, प्रत्येक पासमागे यार्ड, टचडाउनचं प्रमाण आणि इंटरसेप्शनचं प्रमाण. सॅक त्यात नाहीत, हातातून निसटलेला चेंडू नाही, पळून मिळवलेले यार्ड नाहीत. म्हणजे चेंडू कवटाळून बसणाऱ्याला हा आकडा काहीच शिक्षा करत नाही. त्यापेक्षा प्रो फुटबॉल रेफरन्सवर मिळणारा सुधारित निव्वळ यार्डांचा आकडा बघा. एकूण पासिंग यार्ड घ्यायचे, दर टचडाउनला २० मिळवायचे, दर इंटरसेप्शनला ४५ वजा करायचे, सॅकमध्ये गमावलेले यार्डही वजा करायचे, आणि जे उरेल त्याला पासचे प्रयत्न अधिक सॅक यांनी भागायचं. हिशोब वहीच्या पानावर होतो.

मग फुगवटा काढा. बो निक्सने २०२४ मध्ये डेन्व्हरसाठी २९ टचडाउन पास फेकले, नवख्यासाठी हा भरघोस आकडा आहे. पण पहिल्या तीन सामन्यांत त्याच्या नावावर टचडाउन पास एकही नव्हता आणि इंटरसेप्शन चार होते. शेवटच्या सामन्यात त्याने २९ पैकी २६ पास पूर्ण केले, चार टचडाउन केले, डेन्व्हर ३८-० ने जिंकलं. तेव्हा कॅन्सस सिटीने आपले मुख्य खेळाडू विश्रांतीला बसवले होते. दोन्ही टोकं काढून मधला निक्स बघा, तो जास्त खरा आहे. आणि तो चांगलाच दिसतो, हेही सांगून टाकतो.

एखाद्या चमत्काराचंही तसंच. २७ ऑक्टोबर २०२४ ला वॉशिंग्टनच्या जेडन डॅनियल्सने शिकागोविरुद्ध शेवटच्या क्षणी ५२ यार्डांचा पास हवेत भिरकावला, घोळक्यात चेंडूला कुणाचा तरी हात लागला आणि तो मागे एकट्या उभ्या असलेल्या नोआ ब्राउनच्या हातात अलगद पडला. वॉशिंग्टन १८-१५ ने जिंकलं. त्या खेळीत डॅनियल्सचं कर्तृत्व कुठे होतं? बारा सेकंदांहून अधिक वेळ तो बचावपटूंना हुलकावण्या देत जिवंत राहिला, त्यात. टचडाउन मात्र नशिबाच्या खात्यात टाका. तपासणाऱ्याने अशा एकेका क्षणाचे दोन भाग करायला शिकलं पाहिजे. चौथ्या क्वार्टरमध्ये वीस गुणांनी मागे असताना मिळालेले यार्डही वेगळे काढा. तेव्हा समोरचा संघ छोटे पास मुद्दाम देतो, कारण त्याला फक्त घड्याळ पळवायचं असतं.

आता सॅक. माझ्या मते नवख्या क्वार्टरबॅकबद्दल सगळ्यात जास्त माहिती इथे दडलेली असते आणि सगळ्यात कमी लोक इथे बघतात. चेंडू सुटायच्या आत क्वार्टरबॅकला आडवं केलं की तो सॅक, आणि तो पडला की आपण सवयीने लाइनमधल्या पाच धिप्पाड गड्यांना शिव्या घालतो. बऱ्याचदा त्या योग्यही असतात. पण क्वार्टरबॅकचा स्वभाव कळायचा असेल तर सॅक आणि इंटरसेप्शन शेजारीशेजारी ठेवून वाचा.

पेटन मॅनिंगचा १९९८ चा पहिला हंगाम घ्या. २८ इंटरसेप्शन, नवख्यांचा तो विक्रम; इंडियानापोलिस ३-१३. पण ५७५ पास फेकताना तो फक्त २२ वेळा सॅक झाला, म्हणजे पासच्या दर शंभर खेळींमागे चारहून कमी. चेंडू कुठे जायला हवा ते त्याला वेळेत दिसत होतं, फेकायची छाती होती, अंदाज चुकत होते. पुढच्याच वर्षी इंटरसेप्शन १५ वर आले आणि संघ १३-३ झाला.

आता शिकागोचा केलब विल्यम्स, २०२४. फक्त सहा इंटरसेप्शन. सलग ३५३ पास त्याने एकही इंटरसेप्शन न होऊ देता फेकले, नवख्यांत असं कुणी केलं नव्हतं. छान वाटतं ना? त्याच हंगामात तो ६८ वेळा सॅक झाला. ५६२ पास अधिक ६८ सॅक, म्हणजे पास फेकायला मागे सरकलेल्या दर शंभर खेळींत जवळपास अकरा वेळा तो पाठीवर. कमी इंटरसेप्शन पाहून निर्णयक्षमतेचं कौतुक करण्याआधी विचारा, की हा धोका टाळतोय की निर्णयच टाळतोय? थर्ड अँड एटला सॅक खाल्ला की पंट करावा लागतो. लांबवरच्या इंटरसेप्शनचा परिणाम यापेक्षा फार वेगळा नसतो. पण पहिला आकडा कुणाच्या लक्षात राहत नाही आणि दुसरा मथळ्यात येतो.

तरी सगळं खापर विल्यम्सवर फोडू नका. त्याच्या लाइनचा मधला भाग कच्चा होता, आक्रमणाचा समन्वयक शेन वॉल्ड्रन नोव्हेंबरात गेला आणि त्याच महिन्याअखेरीस मुख्य प्रशिक्षक मॅट इबरफ्लूसही. वाटणी करायची तर फोनमधलं स्टॉपवॉच पुरतं. स्नॅपला सुरू करा, अंगावर पहिला हात पडला की थांबवा. अडीच सेकंदांच्या आतला सॅक प्रथमदर्शनी लाइनच्या नावावर. तीन सेकंदांच्या पुढचा क्वार्टरबॅकच्या नावावर, कारण तोवर चेंडू फेकून द्यायला, निदान मैदानाबाहेर भिरकावायला, वेळ मिळालेला असतो. मधल्यांसाठी खेळी दोनदा बघा: कुणी रिसीव्हर मोकळा झाला होता का, आणि क्वार्टरबॅकचं डोकं त्या दिशेला वळलं होतं का?

यात एक मेख आहे. अडीच सेकंदांतला प्रत्येक सॅक लाइनचा नसतो. ब्लिट्झ करणारा बचावपटू कुणीही न अडवता सरळ आत आला, तर स्नॅपआधी त्याला ओळखून अडवणुकीची रचना बदलणं, किंवा त्याने मोकळ्या सोडलेल्या जागेत झटकन पास टाकणं, हे बऱ्याच संघांत क्वार्टरबॅकचंच काम असतं. असे सॅक वेगळे मांडा. पहिल्या हंगामात ते भरपूर असतील तर घाबरायचं कारण नाही. कॉलेजात ही जबाबदारी अनेकांवर कधी पडलेलीच नसते आणि ती सरावाने अंगवळणी पडते. तीन सेकंदांपुढचे भरपूर असतील तर कपाळाला आठ्या पाडायला हरकत नाही.

आकड्यांवरून प्रश्न सुचतात, उत्तरं चित्रफितीत मिळतात. टीव्हीवरच्या प्रक्षेपणात कॅमेरा चेंडूमागे जातो, त्यामुळे दूरवर कोण मोकळं होतं ते दिसतच नाही. बावीसही खेळाडू एका चौकटीत दाखवणारी उंचावरची फीत, जिला ऑल-२२ म्हणतात, ती लीगच्या सशुल्क सेवेत मिळते. सतरा सामने बघायची गरज नाही. चार निवडा: एक सप्टेंबरमधला, एक मधला, एक डिसेंबरमधला आणि एक त्याच गटातल्या संघाविरुद्धचा दुसरा सामना. हा शेवटचा महत्त्वाचा, कारण त्या संघाने त्याला आधी एकदा जवळून पाहिलेलं असतं आणि आता ते काहीतरी योजून आलेले असतात.

फीत बघताना फक्त थर्ड डाउनला सात किंवा अधिक यार्ड हवे असतील त्याच खेळी आधी काढा. तिथे पळण्याचं सोंग करून कुणी फसत नाही, पास येणार हे चहा विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. एक खेळी अशी बघा. स्नॅपआधी चित्र थांबवा आणि मागे सेफ्टी किती उभे आहेत ते मोजा. समजा दोन. आता सोडा. स्नॅपबरोबर त्यातला एक पुढे धावला, म्हणजे मागे एकच उरला. समोरच्यांनी मुखवटा बदलला. क्वार्टरबॅकचं हेल्मेट त्या क्षणी कुठे आहे? ज्या रिसीव्हरकडे खेळी आखलेली होती तिकडेच खिळलं असेल तर त्याने बदल वाचलेला नाही. मधल्या सेफ्टीकडे अर्धा क्षण जाऊन मग वळलं असेल तर वाचलाय. नंतर पाय बघा. मागे सरकून शेवटचं पाऊल टेकलं की चेंडू सुटायला हवा, आणि बाहेरच्या बाजूला वळणाऱ्या मार्गावर तर रिसीव्हर वळायच्या आधीच सुटायला हवा. नवखा बहुधा तिथे एक जास्तीची उडी घेतो, रिसीव्हर वळलेला डोळ्यांनी बघतो आणि मग फेकतो. कॉलेजात ते चालून जातं. इथे तेवढ्यात कॉर्नरबॅक मध्ये येतो.

पास पूर्ण झाला की नाही हे त्यानंतर बघा, आणि पूर्ण झाला तर कुठे पडला ते बघा. धावत्या रिसीव्हरच्या छातीपुढे पडलेला पास आणि त्याला थांबून मागे वळायला लावणारा पास, दोन्ही तक्त्यात सारखेच. पहिल्यातून पुढे पंधरा यार्ड मिळतात, दुसऱ्यातून बरगडीला मार.

हे सगळं जमलेला माणूस कसा दिसतो ते पाहायचं असेल तर ५ नोव्हेंबर २०२३ चा ह्यूस्टन विरुद्ध टँपा बे सामना शोधा. सी. जे. स्ट्राउडने त्या दिवशी ४७० यार्ड आणि पाच टचडाउन केले. एका सामन्यात एवढे यार्ड कुठल्याही नवख्याने त्याआधी केले नव्हते. किकर जायबंदी झालेला, रनिंग बॅककडून फील्ड गोल मारून घेतलेला. ४६ सेकंद उरले असताना चार गुणांनी मागे आणि ७५ यार्ड जायचंय. सहा सेकंद शिल्लक ठेवून त्याने टँक डेलला शेवटचा टचडाउन पास दिला, ३९-३७. आवाज बंद करून बघा. शेवटच्या मिनिटातले त्याचे पाय आणि पहिल्या क्वार्टरमधले पाय यांत फरक शोधा. मला सापडला नाही.

आणि तरीसुद्धा, त्याच स्ट्राउडचे इंटरसेप्शन पुढच्या वर्षी पाचावरून बारावर गेले आणि सॅक ३८ वरून ५२ वर. पाय तेच होते. डेल आणि स्टेफॉन डिग्ज गुडघ्याच्या दुखापतींनी गेले, निको कॉलिन्स काही आठवडे बाहेर होता, लाइनचं आतलं दार सताड उघडं पडलं. हंगामानंतर समन्वयक बॉबी स्लोविकलाही जावं लागलं. हे सगळं झालंच. पण बचावाच्या प्रशिक्षकांनी उन्हाळाभर त्याच्या फिती घोटून काढल्या होत्या, हेही तितकंच खरं. आयपीएलमध्ये पहिल्या मोसमात धुमाकूळ घातलेल्या पोराला दुसऱ्या मोसमात पहिल्या चेंडूपासून नको तिथे चेंडू मिळतो, त्यातलाच प्रकार. म्हणून पहिल्या हंगामाचे दोन भाग करून बघताना दुसऱ्या भागाला जास्त वजन द्या. आठ-नऊ सामन्यांनंतर त्याचे आवडते पास सगळ्यांना पाठ झालेले असतात. तेव्हा त्याच्याकडे दुसरं उत्तर होतं का?

प्रशिक्षकाने त्याला किती सोपं करून दिलं, हा भाग सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत सहज विसरला जाणारा. पहिल्या वर्षी मॅक जोन्सच्या मागे जॉश मॅकडॅनिएल्स होता, टॉम ब्रेडीबरोबर वर्षानुवर्षं काम केलेला. तो रेडर्सकडे गेला आणि २०२२ मध्ये आक्रमणाची जबाबदारी मॅट पॅट्रिशिया आणि जो जज यांच्याकडे आली. पॅट्रिशियाची ओळख बचावाचा प्रशिक्षक अशी. जोन्सचे टचडाउन २२ वरून १४ वर घसरले. तो मध्यम ताकदीच्या हाताचा, शिस्तीने खेळणारा क्वार्टरबॅक होता; चांगली योजना उसनी मिळाली तर ती नेटकी राबवायचा, योजना फिसकटली की स्वतःच्या बळावर काही उभं करता यायचं नाही. २०२१ च्या फितीतसुद्धा हे दिसत होतं, पण संघ जिंकत असताना कोण बघतो.

गॉफची गोष्ट याच्या उलट. २०१६ मध्ये दर शंभर खेळींत अकराहून जास्त सॅक, पाच टचडाउन, सात इंटरसेप्शन. बरेच जाणकार त्याच्या नावावर फुली मारून मोकळे झाले. पुढच्या वर्षी मुख्य प्रशिक्षक म्हणून शॉन मॅकव्हे आला, लाइनच्या डाव्या कोपऱ्यात अँड्र्यू व्हिटवर्थ आला, रॉबर्ट वुड्स आणि कूपर कप आले. सॅकचं प्रमाण शंभराला पाचवर आणि टचडाउन २८, इंटरसेप्शन सात. म्हणजे उसना फक्त फायदाच मिळतो असं नाही, तोटाही मिळतो.

पळणाऱ्या क्वार्टरबॅकसाठी एक जादा पान ठेवा. डॅनियल्सने २०२४ मध्ये ८९१ यार्ड पळून काढले, नवख्या क्वार्टरबॅकांमधला विक्रम. त्याआधीचा विक्रम ८१५ चा, तोही वॉशिंग्टनच्याच रॉबर्ट ग्रिफिनचा, २०१२ मधला. ग्रिफिनचे आकडे एवढे देखणे होते की वर्षातला आक्रमणातला सर्वोत्तम नवखा म्हणून त्याची निवड झाली. जानेवारी २०१३ मध्ये सिएटलविरुद्ध त्याचा गुडघा गेला आणि तो खेळाडू पुन्हा दिसलाच नाही. इथे यार्ड मोजू नका, मार मोजा. धाव संपताना तो घसरून खाली बसतो की डोकं पुढे करून आणखी दोन यार्ड ओरबाडतो? मैदानाबाहेर जाता येत असताना आत का वळतो? डॅनियल्सने पहिला हंगाम पार पाडला, मात्र दुसऱ्या हंगामात दुखापतींमुळे सातच सामने खेळला. बारीक चणीच्या धावपटूच्या अहवालात हा मुद्दा पहिल्या ओळीत यायला हवा, तळटिपेत नव्हे.

एवढं झालं की सापडलेले दोष नुसते मोजू नका, त्यांच्या जाती लावा. ब्लिट्झ न ओळखणं, स्नॅपआधी रचना बदलायला विसरणं, पायांची लय, कोणत्या बाजूने वाचायला सुरुवात करायची यातला गोंधळ, पॉकेटमध्ये चेंडू एका हातात धरून हिंडणं, हे सरावाने सुटणारे दोष. हाताची ताकद, अंगकाठी, आणि बऱ्याच अंशी अचूकता, यांत चमत्कार क्वचितच होतात. इथे कुणीतरी लगेच ॲलनचं नाव घेईल. घ्या. त्याचं प्रमाण ५२.८ वरून दुसऱ्या वर्षी ५८.८ वर आणि तिसऱ्या वर्षी ६९.२ वर गेलं, हे खरंच. त्यासाठी उन्हाळ्यांत फेकण्याची अख्खी हालचाल सुधारली, ब्रायन डेबॉलसारखा समन्वयक टिकून राहिला आणि डिग्ज मिळाला. पण तेव्हापासून दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शहरात वाट चुकलेल्या पासांच्या धन्याला ‘पुढचा ॲलन’ म्हणून वर्षभर जास्तीची संधी मिळते आणि बहुतेकांचं पुढे काहीच होत नाही. अपवाद अहवालात लिहायचा तर अपवाद म्हणूनच लिहा.

घाईने निकाल लावण्याचीही गरज नाही, एवढं संघांच्या करारातच गृहीत धरलेलं आहे. पहिल्या फेरीत निवडलेल्याचा करार चार वर्षांचा असतो आणि पाचवं वर्ष घ्यायचं की नाही हे संघ तिसऱ्या हंगामानंतर ठरवतो. पहिल्या वर्षानंतरचा प्रश्न फक्त इतकाच: याच्याभोवती माणसं उभी करायची, की पुन्हा ड्राफ्टमध्ये हात घालायचा? ॲरिझोनाने २०१९ मध्ये एका वर्षात जॉश रोझनला सोडून कायलर मरेला उचललं, पण असं धाडस विरळा. कॅरोलायनाच्या ब्राइस यंगचं बघा. पहिल्या वर्षी ६२ सॅक, २-१४. दुसऱ्या वर्षी दोन सामन्यांनंतर बाकावर. मग परतल्यावर जरा माणसात आला. (त्याला मिळवण्यासाठी कॅरोलायनाने शिकागोला ज्या निवडी दिल्या, त्यांतल्याच एकीतून शिकागोने विल्यम्सला घेतलं. एका व्यवहारात एवढे सॅक दोन्हीकडे वाटले जाण्याचा प्रसंग विरळाच.)

अहवाल एका पानाचा ठेवा. नमुना म्हणून पेट्रियट्सच्या ड्रेक मेचा जानेवारी २०२५ मधला अहवाल मी असा लिहीन: बारा सामन्यांत सुरुवातीपासून खेळला, त्यांतले तीन जिंकले, या आकड्यावर काही ठरवू नये. ६६.६ टक्के पास पूर्ण, १५ टचडाउन, १० इंटरसेप्शन. लाइन दुबळी, संघात सर्वाधिक यार्ड घेणारा रिसीव्हर नसून टाइट एंड हंटर हेन्री, म्हणजे बाहेरच्या बाजूला दरारा शून्य. हाताची ताकद आणि चालत्या पायांवरची अचूकता स्वतःची, उसनी नाही. ४२१ यार्ड पळाला, त्यातलं बरंचसं खेळी मोडल्यावर. धोका: ३४ सॅक, दर शंभराला नऊ, आणि त्यांतले सगळे लाइनचे नाहीत, खेळी जिवंत ठेवायच्या नादात चेंडू जास्त वेळ धरतो. शिफारस: याच्याभोवती उभारा. सप्टेंबरात बघायचं: लाइन सुधारल्यावर सॅकचं प्रमाण सहा-सातवर येतं का? आलं नाही तर ती त्याची स्वतःची खोड समजा.

शेवटचं वाक्य मुद्दाम तसं लिहायचं. काय दिसलं तर आपण चुकलो, हे अहवालातच नोंदवून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी जे होईल ते आपल्याला आधीच माहीत होतं असंच वाटतं. प्रीसीझनच्या सामन्यांवरून ते तपासू नका. तिथे बचाव आपले डावपेच झाकून ठेवतो. नियमित हंगामाचे पहिले चार सामने घ्या.

मेच्या बाबतीत काय झालं? मुख्य प्रशिक्षक म्हणून माइक व्रेबल आला, मॅकडॅनिएल्स परत आला, लाइनवर विल कॅम्बेल आणि मॉर्गन मोझेस, बाहेर डिग्ज. मेने ७२ टक्के पास पूर्ण केले, ३१ टचडाउन, आठ इंटरसेप्शन, संघ १४-३. सॅक मात्र ४७, म्हणजे शंभराला जवळपास नऊच. शिकागोत त्याच वर्षी उलट झालं: मुख्य प्रशिक्षक म्हणून बेन जॉन्सन आला, मधल्या तिन्ही जागांवर नवी माणसं आली आणि विल्यम्सचे सॅक निम्म्याहून खाली उतरले, त्याचं पास पूर्ण करण्याचं प्रमाण मात्र साठच्याही खाली घसरलं. एकाचा दोष बराचसा उसना निघाला, दुसऱ्याचा स्वतःचा. मेची ती खोड सतरा सामन्यांत झाकली गेली. प्लेऑफमध्ये पुढे सरकताना ती महागात पडत गेली, आणि फेब्रुवारी २०२६ च्या सुपर बोलमध्ये सिएटलने त्याला सहा वेळा आडवं करून सामना २९-१३ ने नेला.